फॉर्म नंबर एकोणीस

सकाळी घुमटाखालच्या वर्गात घोरपडे सर विचारायचे,
"कोणी पाहत नसताना नदीत मगर असते का?"
आम्ही हसायचो. आम्ही बडोद्याचे.
आमच्याकडे मगर असतेच,
ऑगस्टात ती सोसायटीच्या पार्किंगपर्यंत येते
कोणाच्या पाहण्याची वाट न बघता.

साडेअकराला नीतिशास्त्र.
ज्योत्स्नाबेन खडू मोडायच्या,
एक तुकडा हेतूचा, एक परिणामाचा,
आणि बोटांवरचा भुगा पदराला पुसायच्या.

दुपारी समाजशास्त्र, म्हणजे ऊन.
म्हणजे विश्वामित्रीच्या काठची वस्ती,
पुठ्ठ्यावर चिमट्याने धरलेले पंचवीस फॉर्म
आणि माझं दांडिया बाजारातलं गुजराती,
भाजीवाल्याशी चालतं,
पण "शौचालय आहे का" विचारताना अडखळतं.

रेवाबेन दातणाच्या जुड्या बांधत होती.
मागच्या पुरात काय गेलं? पर्याय अ, ब, क.
तिने सुतळी दातात धरली, गाठ मारली, मग म्हणाली,
"उत्तर लांब आहे, बेन. तुझी रेघ केवढीशी."
मी म्हटलं, उद्या येते.

उद्या पाऊस नव्हता. तापही नव्हता.
उद्या झंखनाबरोबर सेवउसळ होती,
दोनदा तर्री मागून घेतलेली.
रात्री पंख्याखाली मीच भरला फॉर्म नंबर एकोणीस:
सदस्य पाच. शौचालय नाही.
गेलं ते: ब, भांडीकुंडी.
पाच का, तर
चार कमी वाटले, आणि सहा खोटे वाटले असते.

एप्रिलात पेपर.
सत्य बोलणे हे निरपवाद कर्तव्य आहे काय? सोदाहरण चर्चा करा.
मी मरणाऱ्या रोग्याचं उदाहरण दिलं,
डॉक्टर दिला, रडणारी बायको दिली,
दोन पुरवण्या जोडल्या.
एकोणीस नंबर आठवला नाही असं नाही.
त्र्याहत्तर मिळाले. वर्गात पहिली.
आणि तिकडे प्रकल्पाच्या तक्त्यात
सरासरी कुटुंब चार पूर्णांक आठ,
त्या दशांशात माझे पाच जण बिनबोभाट राहायला गेलेले.

जूनमध्ये मंगळ बाजारात ती दिसली,
फूटपाथवर, गोणपाटावर.
तिने ओळखलं नाही, की ओळखलं, कळलं नाही.
मी एक जुडी उचलली. फॉर्म नव्हता, पेन नव्हतं,
तरी तोंडातून तेच आलं: घरी माणसं किती?
ती जुडीतली एकेक काडी गोणपाटावर मांडत गेली,
नावं घेत, सासूपासून.
सहा काड्या.
सातवी हातात धरून राहिली,
रिक्षा, हॉर्न, बांगडीवाल्याची हाक,
मग ती परत जुडीत खोचली
आणि गाठ पुन्हा घट्ट केली.

दहा रुपये झाले. माझ्याकडे पाचशेची नोट.
"काले आपजे," ती म्हणाली.
आमच्या भाषेत काल होऊन गेलेला असतो.
तिच्या भाषेत तो
उद्याही असतो.