लखू डोर्लेकरचा धोंडा

माझं दुकान लाद्यांचं. आडिवऱ्यात, बाजारपेठ संपते तिथे.
गिऱ्हाइकं लादीचं तोंड बघतात:
गुलाबी फुलं, संगमरवराची नक्कल.
मी पाठ बघतो.
झिलई नसलेली ती खरबरीत पाठ
दगडाला खरं बोलायला लावते.
घासा. लाल रेघ उठली, तर तो इथलाच, गेरूच्या कुळातला.
काळी उठली, तर तोही जमिनीचाच, फक्त जास्त ऐटबाज.
रेघच उठली नाही
तर चहा थंड होऊ द्यायचा.

एकवीस वर्षं झाली.
जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधून
दर मंगळवारी, दुकान बंद, मी सड्यावर.
शहाण्यानं उल्का शोधायला वाळवंटात जावं, बर्फावर जावं,
जिथे काळा दगड काळा दिसतो.
इथे अख्खा सडाच गंजलेला.
जांभ्याचा खडा चुंबकाकडे अर्धवट वळतो,
लग्नात लांबचा नातेवाईक वळतो तसा,
ओळख दाखवू की नको.
खाली किनाऱ्याला काळी वाळू,
तिथे तर चुंबकाला नुसती दाढी फुटते.
आणि वरून काही पडलंच,
तर चार पावसाळ्यांत ते इथलं रूप घेतं,
घाटावरची सून वर्षभरात
इथल्या हेलात भांडू लागते, तसं.

वहीत एकशे बारा नोंदी.
सात: भट्टीची कीट. आत बुडबुड्यांची भोकं, म्हणजे नाही.
एकतीस: अर्धा तोफगोळा. मास्तरांनी शाळेत नेला.
अठ्ठावन्न: होडीच्या इंजिनाचा तुकडा.
दाऊद सोलकरने ओळखला, इंजिन कुणाचं तेही सांगितलं.
नव्वद: काही नाही. पण सुंदर.
नलू म्हणते, एवढे पाहुणे ठेवलेत परसात,
एकाने तरी भाडं दिलं?

मग गेल्या माघात, वेत्याला,
लखू डोर्लेकरच्या न्हाणीच्या लाद्या उतरवताना
अंगणात जाळं वाळत होतं.
कडेला दोरीने बांधलेले धोंडे,
सगळे वहाळातले, गुळगुळीत.
एक सोडून.

काळा. कोपरे मावळलेले.
अंगावर अंगठ्याचे ठसे, मळलेल्या कणकेवर उमटावेत तसे.
मिठाने साल गेलेली, तिथे तपकिरी.
उचलला, तर मनगटाला आधी कळलं:
डोळ्यांनी सांगितलं त्याच्या दुप्पट.
चुंबक टक्कन बसलं. संकोच नाही.
टेंपोतली लादी काढली, उलटी केली, घासला.

रेघ नाही.

खिशात कानस होती.
नखाएवढी खिडकी पाडायची, बस,
आत धातूचे कण चमकले की एकवीस वर्षं वसूल.
"घासू नुको हां," लखू म्हणाला.
"बापाशीनं आनलेला. वजान कमी झाला
तर जालं कुशीवर पडंल."

कुठून आणला?
"सड्यावरनं. गुरां चरवताना.
हाताला ऊन लागला, म्हनायचा."

पडलेली उल्का ऊन नसते, मी वाचलंय.
पण वैशाखात सड्यावर
कुठला धोंडा ऊन नसतो?

पाच हजार देतो म्हटलं.
तो हसला. "पाच हजारात मापाचा धोंडा गावंल?"

कानस खिशातच राहिली.
लाद्यांचे पैसे घेतले, दोन फुटल्या त्या वजा करून.
घरी येऊन एकशे तेरा आकडा घातला
आणि पुढे नुसता वार लिहिला.

अजून जातो मंगळवारी सड्यावर.
तो मात्र रोज संध्याकाळी होडीत चढतो,
सात वाव खाली उतरतो, काळोखात,
जाळं सरळ धरून बसतो.
लखूची बायको ढोमी विकायला दारात येते,
मी एक उचलून हातात तोलत राहतो,
तर नलू आतून ओरडते,
एवढं काय बघताय तिच्याकडे,
ताजीच आहे.