शेऱ्याचा रकाना

तिसऱ्यांदा आली तेव्हा टेम्पोतच ओळखली:
जॅकवेलची दोन नंबर, पंचाहत्तर अश्वशक्ती,
आडवी, पोटातून जळक्या वॉर्निशचा वास.
चोपड्यात धरणगाव रस्त्याला माझं रिवाइंडिंगचं दुकान.
तांबं काढायचं, तांबं भरायचं,
बिल नगरपालिकेला. मला काय.

पण झिपरू बडगुजर टेम्पोतून उतरला नि म्हणाला,
"तापीमा पानी शे, लाइन शे,
मंग हाई काबरं तपस, भाऊ?"

मला सांगता येईना.
तिन्ही फेज सारखेच काळे,
जसं कुणी आत बसून सावकाश भाजलं होतं.

मग जळगावहून भंगाळे मॅडम आल्या.
पेटी उघडली, तारांना चिमटे लावले.
पडद्यावर लाट: गोल हवी होती,
निघाली उंटासारखी, प्रत्येक चढाला दोन वशिंडं.
नवा ड्राइव्ह एक नंबरला, जळायची दोन नंबर.
"तो वीज घोट घोट पितो," मॅडम म्हणाल्या,
"आणि उष्टं तारेत सोडतो.
पन्नासाच्या पाठीवर अडीचशे, साडेतीनशे.
त्यातलं पाचवं उलटं फिरतं.
ही बिचारी पाणी उपसते
आणि आतल्या आत स्वतःला मागं खेचते."

झिपरू काही बोलला नाही.
कपाटातून लॉगबुक आणलं, बोट ठेवलं.
डिसेंबर. शेऱ्याच्या रकान्यात, त्याच्या तिरक्या अक्षरात:
एक नंबर लावली की दोन नंबर पुटपुटते.
पुढच्या आठवड्यात तेच. जानेवारीत तेच.
प्रत्येक पानाखाली साहेबांची सही,
एकसारखी, न वाचता केलेली.

मॅडमनी दोनदा वाचलं.
त्याच ओळीखाली पेनानं लिहिलं:
पाचवी, व्होल्टेजमध्ये अकरा टक्के. बरोबर आहे.
झिपरूनं त्यातलं "बरोबर आहे" एवढंच मोठ्यानं वाचलं.

चोक बसले, फिल्टर बसला,
फुगलेले कपॅसिटर भंगारात गेले.
एकदा सहज तिकडं गेलो,
तर यानं माझा हात धरून तिच्या पाठीवर ठेवला,
ताप बघायला म्हशीच्या कानाला लावतात तसा.
कोमट.

दोन वर्षं झाली, नगरपालिकेचं बिल नाही.
दुकानात फरशीवर तेलाचा डाग आहे,
सोड्यानं घासला तरी जात नाही.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय?
मी सांगतो, इथं एक तीनदा माहेरी आली होती.
आता नांदते.