काळी टेप

पाथर्डी फाट्यावर माझं दुकान,
आणि मोरणकरांची ही पांढरी सात सीटर,
तीन महिन्यांत चौथ्यांदा.

कधी काच आपोआप खाली,
कधी कोरड्या काचेवर वायपरची करकर.
एकदा अंजनेरीच्या वळणावर, रात्री,
सगळे दिवे गेले, आणि आले.
"आम्ही हसलोच," वहिनी म्हणाल्या होत्या.

शोरूमनं लिहून दिलंय: दोष आढळला नाही.
तिथं गेली की गाडी शहाणी होते,
डॉक्टरसमोर पोराचा ताप उतरावा तशी.

मीटरवर, एअरबॅगच्या दिव्याच्या जागी
काळी टेप. नीट, कोपरे कापून लावलेली.
"रात्री डोळ्यांत जातो हो."

आज टो करून आणली.
महात्मानगरला भर उन्हात
दारं आपली आपण लागली.
किल्ली आत. मागच्या रांगेत अन्वी, चार वर्षांची.
शहाळेवाल्यानं कोयत्याच्या पाठीनं काच फोडली.

तिसऱ्या सीटखालचं कार्पेट उचललं मी:
सनरूफमधून झिरपलेलं पाणी, हिरवे पडलेले सांधे,
चुरमुरे, केसांची एक क्लिप,
द्राक्षाचा वाळका देठ.

"किती होतील?" मोरणकर विचारतात.
आकडा सांगण्याआधी टेप सोलतो.
नखाला चिकटून बसते.
खाली दिवा. लाल.
"हा विझेपर्यंत गाडी इथंच," मी म्हणतो.
ते वाद घालत नाहीत.

बाहेर स्टुलावर अन्वी
माझा टेस्टर
स्वतःच्या तळहाताला लावून बघते,
पेटतो का.