नववं टेबल

विल्यांदीच्या वाचनालयात अकरा संगणक.
दहा मी जानेवारीतच नव्या पडद्यावर नेले.
नववा राहिलाय.

येणारेजाणारे विचारतात, तयार आहे का ते नवीन?
मी म्हणते, हो. आणि जीभ चावते.
राईचा पाव भाजून निघतो, बरणीतली काकडी मुरते,
हे मात्र पंधरा वर्षं
होत आलंय, होत आलंय.

जुन्या घरात सगळ्या खिडक्या एकत्र नांदायच्या.
एकीत टाइप केलेला पासवर्ड
दुसरीला सहज ऐकू जायचा.
भिंतीला कान असतात म्हणतात,
इथे भिंतच नव्हती, नुसते कान.
तरी कुणी कुणाचं काही चोरलं नाही,
म्हणजे, आमच्या वाचनालयात तरी नाही.
मला कळलं असतं का, ते वेगळं.

नव्यात प्रत्येक खिडकीला आपली खोली.
शेजारीण काय करते, पत्ता नाही.
आपण स्वतः पडद्यावर कुठे आहोत,
डाव्या कोपऱ्यात की उजव्या,
हेसुद्धा खिडकीला कुणी सांगत नाही.
हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी जागीच होते.
नुकतीच तार्तूहून परतले होते, दोन पेट्या घेऊन,
वाटलं, कुणीतरी माझ्याबद्दल लिहिलंय.

उर्वे हातमोज्यांचे नमुने काढते.
संग्रहालयातल्या मोज्याचा फोटो एका खिडकीत,
चौकटींचा कागद दुसरीत.
फोटोतला लाल उचलायचा, इकडे भरायचा, बस.
आता पडदा मध्ये येतो: बघू देऊ का?
दे बाबा.
पुढच्या लालाला पुन्हा तोच प्रश्न.
चौथ्या वेळी ती खुर्ची फिरवून मला म्हणाली,
लाल काय कुणाच्या बापाचा आहे?
मार्चमध्ये दुरुस्ती आली. आता एकदाच विचारतो.

एन्देल नवव्यावरच बसतो.
बेचाळीस वर्षं पियानो सुरात लावले.
डोळे लहानपणीच गेलेले.
वाचून दाखवणारा आवाज हीच त्याची काठी,
आणि तो आवाज एका कळीवर गप्प व्हायला हवा,
समोर कुठलीही खिडकी असो.
म्हणजे कुणीतरी सगळ्या कळांचा
कानोसा घेत बसायला हवं.
नव्या घराने नेमकी तीच खोड मोडलीय.
चोरासाठी घातलेली कडी
ह्याच्याही दाराला बसली.

फेब्रुवारीत त्याला तिसऱ्या टेबलावर बसवून पाहिलं.
आवाज सुरू झाला तो थांबेना.
सबंध वाचनालयाने त्याच्या मुलीचं पत्र ऐकलं,
किती पैसे हवेत, कशासाठी, जावयाचं नाव.
मासिकं चाळणाऱ्यांनी पानं उलटायची थांबवली.
मी वायर उपटली.
एवढ्या भिंती बांधून
घरातलं पत्र रस्त्यावर.

तो रागावला नाही. टेबलाच्या कडेवरून
बोट फिरवत राहिला, मग म्हणाला,
सूर लावून झाला की मी तयार म्हणायचो, पैसे घ्यायचो.
मी जिना उतरेपर्यंत तारा सैल पडू लागायच्या.
पण संध्याकाळचा कार्यक्रम निभायचा.

मी ब्र्नोला लिहिलं, जिथे हे जोडतात.
झ्बिनेक नावाच्या मुलाचं दोन ओळींचं उत्तर:
कळा ऐकायला एक फट ठेवलीय,
फक्त ओळखीच्या आवाजासाठी. करून बघा.
तळाशी, वेगळ्या ओळीत: माफ करा, उशीर झाला.

काल वाचनालय मिटल्यावर एन्देल आला.
कोट काढलाच नाही. तिसरं टेबल.
आवाज बोलू लागला. त्याने कळ दाबली.
गप्प.
पुन्हा बोलवला, पुन्हा गप्प केला,
सात-आठ वेळा, मान तिरकी करून,
तीच एक तार छेडून पाहिल्यासारखं.
नंतर बराच वेळ काहीच नाही.
कोपऱ्यातला हीटर तेवढा टिकटिकत होता.

तळ्यावरचा बर्फ फुटला का? त्याने विचारलं.
मी खिडकीशी गेले.
काठाला फुटलाय, म्हटलं.
मध्ये अजून धरून आहे.