रास्ता रोको, ओरुरोच्या वाटेवर

सात अर्ज करून झाल्यावर
बासिलियानं डांबरावर एक दगड ठेवला.
शेजारणीनं दुसरा.
दुपारपर्यंत ट्रकांची रांग वळणापलीकडे.

एलेउतेरियोकडे टोमॅटो होते.
पहिल्या दिवशी त्यानं शिव्या हासडल्या,
दुसऱ्या दिवशी टोपी काढून विचारलं,
"बाई, माझं काय चुकलं?"
"काहीच नाही. म्हणून तर तुझं ऐकतील."
तिसऱ्या दिवशी फळ्यांतून लाल पाणी ठिबकू लागलं.

नळ आला दोन वर्षांनी.
दगडांमुळे, की निवडणूक आली म्हणून,
फीत कापणाऱ्यानं सांगितलं नाही.

परवा एलेउतेरियो तिथेच थांबला.
रेडिएटरात पाणी ओतलं, चूळ भरली,
बासिलियाकडे बघितलं नाही.

निघाल्यावर आरशात दिसले
रस्त्याच्या कडेला नीट रचून ठेवलेले
तेच दगड,
हाताशी.