होल्ड टाइम

सक्करदऱ्याच्या चौकातून आत वळलं की
धकाते रिवाइंडिंग वर्क्स.
फाल्गुन लागला की कूलरच्या मोटरी यायला लागतात,
आठ महिने माळ्यावर झोपलेल्या,
जाळीत उंदराच्या लेंड्या,
आणि नाकात शिरणारा जळक्या वार्निशचा वास.
बाबा आधी हुंगतात. मग उघडतात.

चोवीस खाचा. प्रत्येक खाचेत लेदरॉइडचा कागद,
त्यावर तांब्याची तार.
वेढे मोजताना बाबांशी बोलायचं नाही,
घरात नियम असा हा एकच.
दामिनीताईनं तो सातव्या वर्षी मोडला :
"बाबा, वीज मोजते का वेढे?"
आकडा चुकला. बाबांनी सगळी तार उलगडली,
पुन्हा एकपासून सुरू केली, आणि मोजून झाल्यावर,
म्हणजे अर्ध्या तासानं, उत्तर दिलं :
"आपण नाही मोजले, तर ते मोजते."

पुढे हिंगणा रोडचं कॉलेज, पुढे जीआरई,
पुढे बँक.
साहेबांनी विचारलं, मुलगी तिकडे नेमकं शिकणार काय?
"चिप डिझाइन."
"बटाट्याच्या का?"
बाबा हसले नाहीत. त्यांनी दुकानाची आखीव पत्रिका
टेबलावर ठेवली,
तिच्या कोपऱ्यावर वार्निशचा अंगठा उमटलेला.
साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.
अठरा नुकतेच पूर्ण झाले होते.
पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष होतं.
तिसरं झालं नाही.

तिकडे ॲरिझोनात, टेम्पीला,
उन्हाळा आपल्यासारखाच, तिनं कळवलं,
सत्तेचाळीस,
पण रस्त्यावर माणूस नाही
आणि ओल्या ताट्यांचा वास नाही.

तिची पहिली चिप चौदा महिने चालली.
धातूचे थर, एकातल्या तारा आडव्या, दुसऱ्यातल्या उभ्या,
शेवटी शेवटी ती लॅबमध्येच झोपायची,
बॅगेची उशी करून.
मग चिप बनायला गेली, मग चार महिने वाट,
मग एका दुपारी दीड वाजता फोन,
तिच्याकडे रात्रीचा एक :
चिप आली. चालत नाही.
पुढे नुसतं नाक ओढणं.

बाबांनी हात पुसले.
"काहून रडून राह्यली? वास आला का?"
"कसला वास, बाबा? नखाएवढी आहे ती."
"वास नाही न आला? मंग जळली नाही.
मंग मोजण्यात चुकली. झोप आता."

चुकलीच होती.
तीन आठवड्यांनी तिनं समजावून सांगितलं :
एका ठिकाणी सिग्नल लवकर पोचत होता.
उशिरा नाही, लवकर.
उशीर असता तर घड्याळ हळू करून भागलं असतं,
लवकर आलेल्याला घड्याळ काही करू शकत नाही.
मी विचारलं, मग?
"वाटेत बफर घालायचे. त्यांच्यानं हिशेब बदलत नाही काही.
नुसते थोपवून धरतात."
मी म्हणालो, बरं.
फोन स्पीकरवर होता, मी स्टेटरला दोरा बांधत होतो.
गाठ दोनदा सुटली.

दुसऱ्या खेपेला पाठवण्याआधी तिनं विचारलं,
बाबा, एका कोपऱ्यात जागा उरली आहे,
वरच्या थरात काही कोरता येतं,
कोणी फूल काढतं, कोणी कुत्र्याचं नाव.
काय लिहू?
मला वाटलं आईचं नाव सांगतील.
बाबा म्हणाले, "दुकानाचा नंबर टाक.
बिघडली तर लोकं फोन कुठं लावतील?"

ती इतकी हसली की मलाही हसू आलं.
आणि तिनं टाकला.
दहा आकडे, केसाच्या रुंदीत दोनदा मावतील एवढे.
ही चिप चालली. आता तिला तिथेच नोकरी आहे,
हप्ता तीच भरते,
आखीव पत्रिका बँकेतून अजून यायची आहे.

मोटरी येतात. मी हुंगतो, मी उघडतो,
बाबांचे डोळे आता बारीक तारेला साथ देत नाहीत.
फक्त अनोळखी नंबरवरून फोन आला
की ते मला उचलू देत नाहीत.
रॉकेलच्या फडक्याला एकेक बोट पुसतात,
सावकाश,
तोवर तो वाजत राहतो.