आयत्या वेळचे विषय

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
सलाटवाड्यात, बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत
आमच्या सागरी इतिहास मंडळाची सभा भरते.
सभासद अकरा. हजर बहुतेक सहा,
आणि एक मांजर, तिची वर्गणी थकलेली.

समुद्र इथून किती लांब, यावर एकमत नाही.
फणसे म्हणतात, साठ किलोमीटर.
टिपणीस विचारतात, भरतीला की ओहोटीला?
चहा येईपर्यंत तेच.

मी चिटणीस. इतिवृत्त लिहिते.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.
श्री. फणसे यांनी बिलिमोऱ्याच्या आरमारावरील
निबंधाचा सतरावा भाग वाचला.
गुराबा अजून गोदीतच आहेत.
लीलाताई खासगीवाले यांनी रद्दीतून सोडवलेली
मालमाची पोथी दाखवली,
अर्धा किनारा वाळवीने खाल्लेला:
घोघा आहे, दीव आहे, मधलं काही नाही.
‘जपून,’ टिपणीस म्हणाले, ‘इथे जहाजं बुडतील.’

हसमुख टंडेल दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे.
आमच्यात खारं पाणी प्यालेला तेवढा एकच माणूस.
बेचाळीस वर्षं बोटीवर, सारंग होऊन निवृत्त,
आता बडोद्याला मुलीकडे, तिसऱ्या मजल्यावर.
मराठी सगळं कळायचं, बोलायचे गुजरातीच,
तेही पावती फाडल्यासारखं, हिशेबापुरतं.
तीन वर्षांत त्यांची नोंद एकच:
काचेच्या पेटीतल्या गलबताचे शीड
उलट्या बाजूला बांधले आहे, असे श्री. टंडेल यांनी
निदर्शनास आणले. दुरुस्ती सर्वानुमते संमत.
शीड अजून तसंच आहे.
पेटीची किल्ली सापडत नाही.

मग त्या ऑगस्टात विश्वामित्री चढली.
घोघ्याची सहल आम्ही चारदा ठरवली होती,
एकदा बस नाही, एकदा गुडघे,
दोनदा कारण लिहायचंच राहिलं.
आता पाणीच आलं, न कळवता,
विषयपत्रिकेत नसताना.
खालच्या फळीवरचं आरमार सुटलं
आणि खोलीभर हिंडू लागलं,
भाग नऊ भाग तीनला धडकला.
गल्लीच्या तोंडाशी मगर आहे, असं कोणीतरी ओरडलं.
फणसे टेबलावर चढून
छत्रीने छताला टेकू दिल्यासारखे उभे.

टंडेल आले छातीभर पाण्यातून.
दोन निळी पिंपं, छापखान्याचं एक दार,
लीलाताईंची कपडे वाळत घालायची दोरी.
खिडकीच्या गजाला तराफा बांधला,
पोथी चढवली, पेट्या, मांजर,
शेवटी फणसे.
गल्ली ओलांडेस्तोवर आरमाराचे तज्ज्ञ
तीन वेळा ओकले.
टंडेलांनी तोंड फिरवलं, मगरीवर नजर ठेवल्यासारखं.
‘ए तो बधाने थाय,’ एवढंच म्हणाले.

नंतरची सभा रस्त्यावर, खुर्च्या टाकून.
पानं विटांखाली सुकत होती, शाई निळ्या ढगांसारखी.
मी विचारलं, नोंदीसाठी, पाणी किती फूट होतं?
भिंतीवरचा डाग दाखवून म्हणाले,
तिथे लिहिलंय की.

संक्रांतीनंतर टंडेल गेले. झोपेत.
मी दुखवट्याचा ठराव चारदा लिहिला.
‘सागरी क्षेत्रातील भरीव योगदान’ हे खोडलं.
‘मंडळाचे आधारस्तंभ’ हेही.
उरलं ते दीड ओळीचं,
वाचायला उभी राहिले तर तेवढंही जाईना.

फणशांनी अठरावा भाग वाचला.
गुराबा पाण्यात उतरल्या.
पहिल्याच पानावर एक पोरगेला खलाशी
कठड्यावर ओणवा होऊन ओकतो,
शेजारचा म्हातारा दुसरीकडे बघतो.
सतरा भागांत असं माणूस नव्हतं.
टिपणीसांनी पुरावा मागितला नाही.

आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने:
गजाला अद्याप असलेली दोरी
सौ. खासगीवाले यांना परत करणे.
गाठीचे नाव कोणासही ठाऊक नाही.
श्री. टिपणीस यांनी तीन ग्रंथ पाहिले.
सौ. खासगीवाले यांनी सांगितले की
त्या सध्या कपडे आतच वाळवतात.
विषय पुढील सभेत घ्यावा.